गट मोठा की गण?

प्रश्न : वडवणी तालुक्यात निवडणुकीच्या वेळी ‘आमचा गट’, ‘आमचा गण’ असे दोन्ही शब्द कानावर येतात. दोन्ही एकच का?

उत्तर : एकच नव्हेत. गट जिल्हा परिषदेचा, गण पंचायत समितीचा. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 नुसार एका गटाचे दोन गण पडतात. गटातून जिल्हा परिषदेवर एक सदस्य जातो, प्रत्येक गणातून पंचायत समितीवर एक. 2017 मध्ये बीड जिल्ह्यात 60 गट होते, म्हणून गण 120.

मतदाराला हा फरक मतदान केंद्रावर कळतो. उपळी किंवा चिंचवणचा मतदार दोन मते देतो : एक गटासाठी, दुसरे गणासाठी. वडवणी शहरातला मतदार मात्र या निवडणुकीत नसतो. तिथे नगरपंचायत आहे आणि तिचे 17 प्रभाग.

गोंधळ वाढवतो तो ‘गट’ हाच शब्द. गटविकास अधिकाऱ्याच्या पदनामातला गट म्हणजे विकासगट, अर्थात अख्ख्या तालुक्याचा कारभार. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तर शेताचा. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरणातून तो आला. निवडणुकीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

गट-गणांची गावे प्रत्येक रचनेत बदलू शकतात. त्यामुळे प्रारूप रचना जाहीर झाली की तहसील कार्यालयात जाऊन आपले गाव कुठे आहे ते पाहावे आणि हरकत असल्यास मुदतीत लेखी द्यावी.