थंडीनं भाजलेली झाडं : कुऱ्हाड थांबवा, आधी साल खरवडून पाहा



कडाक्याच्या थंडीनंतर आंब्याची नवी कलमं, लिंबू, शेवगा, केळी यांची पानं करपल्याचे फोटो बऱ्याच जणांनी पाठवलेत. "काढून टाकू का?" हाच सगळ्यांचा प्रश्न. उत्तर एकच : *झाड वाळलेलं दिसतं म्हणजे ते मेलंच असं नाही.* बहुवर्षायू झाडाचा जीव खोडात आणि मुळात असतो. पानं, शेंडे जातात, पण खालून झाड पुन्हा उठू शकतं.

*१) आधी तपासणी*
नाल्याकाठच्या, खोलगट जागेपासून सुरुवात करा. थंड हवा जड असते, ती तिथंच साचते. फांदीच्या शेंड्याजवळ नखानं किंवा चाकूच्या टोकानं साल थोडीशी खरवडा.
✅ आत हिरवी, ओलसर : जिवंत
❌ तपकिरी, कोरडी : तेवढा भाग गेला
शेंड्याकडून खाली खाली पाहत या. हिरवं लागेल तिथं चुन्याची खूण करा. दोन-तीन आठवड्यांनी परत पाहा. मर बऱ्याचदा हळूहळू खाली सरकते, त्यामुळं आज केलेली खूण शेवटची समजू नका.

*२) छाटणीची घाई नको*
आत्ता छाटलं तर खालचे डोळे जागे होतात, कोवळी फूट येते आणि थंडीची पुढची लाट तीही जाळते. झाडाची साठवलेली ताकद दोनदा खर्च होते. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपण म्हणतो. तोवर थांबा. नवी फूट स्पष्ट दिसली की तिच्या थोडं वर, जिवंत भागात तिरपा काप घ्या.
मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लिटरात वेगवेगळं भिजवून, चुना निवल्यावर एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी नको. केलेली पेस्ट त्याच दिवशी वापरा.

*३) पाणी बेतानं*
पानं कमी म्हणजे झाडाला पाणीही कमी लागतं. गार, चिखल झालेल्या जमिनीत मुळं कुजतात. लिंबाला तर डिंक्याचा धोका. वीतभर खोलीची माती मुठीत दाबून पाहा. गोळा होत असेल तर पाणी देऊ नका. ठिबकचा वेळ कमी करा, पाणी दिवसा द्या. मात्र पुन्हा थंडीच्या लाटेचा अंदाज आला, तर त्या रात्री हलकं पाणी जरूर द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते.

*४) युरिया आत्ता नाही*
"झाड अशक्त झालंय, खत टाकू" असं वाटणं साहजिक आहे. पण गार जमिनीत मुळं मंद असतात, खत वाया जातं. नवी फूट चार बोटं लांब झाली की कुजलेलं शेणखत आणि नत्र थोडं थोडं, विभागून द्या.

*५) उन्हापासून खोड वाचवा*
पानगळ झालेलं खोड फाल्गुनाच्या उन्हात तडकतं. खोडाला चुना लावा. ऊन वाढू लागलं की बुडाशी पाचट किंवा वाळलेलं गवत पसरा, पण खोडाला चिकटवू नका.

*पीकनिहाय लक्षात ठेवा*
🥭 *आंबा कलम :* फूट कलमाच्या सांध्याच्या वर आहे की खाली, हे नक्की पाहा. खालून आलेली फूट खुंटाची असते. ती वाढवली तर काही वर्षांनी केसरऐवजी रायवळ आंबा हाती येतो. वरचा भाग जिवंत असेल तर खालची फूट काढून टाका. वरचा भाग पूर्ण मेला असेल, तर खालची एक जोमदार फूट राखून तिच्यावर पुढं जागेवरच कलम बांधता येतं.
🌿 *शेवगा :* वरचं खोड मऊ, काळं पडलं तरी बुड घट्ट असेल तर झाड फुटतं. उपटू नका.
🍌 *केळी :* पोंग्यातून ताजं हिरवं पान निघत असेल तर झाड सावरतंय. पोंगाच सडला असेल, तर खोड कापून एक जोमदार पील ठेवा.

*झाड काढायचं कधी?* बुडापर्यंत साल तपकिरी, मुळंही कोरडी किंवा कुजलेली, आणि ऊन चांगलं तापल्यावरही फूट नाही, तेव्हाच. चार-पाच वर्षं जपलेलं झाड पंधरा दिवसांच्या घाईत घालवू नका.

शंका असेल तर साल खरवडलेल्या जागेचा जवळून एक आणि पूर्ण झाडाचा एक, असे दोन फोटो गटावर टाका. सोबत पीक, झाडाचं वय आणि शेवटचं पाणी कधी दिलं ते लिहा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पीक सल्ला विभाग