थापटणे आणि लॅपटॉप

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. या जिल्ह्याला पूर्वी उस्मानाबाद म्हणत असत. आज तेर हे एक साधे गाव दिसते. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' या नावाचे मोठे व्यापारी शहर होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक पुस्तकात त्याचा उल्लेख आढळतो. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाते, असे त्यात लिहिले आहे. पुस्तक लिहिणाऱ्याचे नाव मात्र कोणालाच माहीत नाही.

तेराव्या शतकातील संत गोरा कुंभार याच तेरचे. त्यांची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. एकदा त्यांच्याकडे संतमंडळी जमली होती. कोपऱ्यात एक लाकडी हत्यार पडले होते. "हे काय?" असे मुक्ताबाईने विचारले. "हे थापटणे. याने मडके कच्चे की पक्के ते कळते," असे गोरोबांनी सांगितले. "मग आमच्यापैकी कोण कच्चे ते पाहा," असे मुक्ताबाई म्हणाली. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले आणि कच्चे ठरले!

कथा बाजूला ठेवू. पण कुंभाराचे ते काम खरे आहे. भट्टीतून निघालेल्या मडक्यावर तो टिचकी मारतो आणि कान देतो. आवाज खणखणीत आला तर मडके चांगले. बद्द आला तर कुठे तरी तडा आहे. मडके न फोडता त्याला आतली गोष्ट कळते. आज आपण हीच विद्या एका वेगळ्या वस्तूवर वापरणार आहोत. ती वस्तू म्हणजे लॅपटॉप.

असे समजा की, तुमच्या वर्गाची सहल तेरला गेली. तुम्ही विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर पाहिले. वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, नाणी पाहिली. एका वयोवृद्ध कुंभारबाबांना तुम्ही चाक, माती आणि भट्टी यांविषयी विचारले. ते तासभर मनापासून बोलले आणि तुम्ही त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला. हे सगळे तुमच्या भावाच्या लॅपटॉपमध्ये आहे. मोबाइलमध्ये जागा नव्हती, म्हणून तिथले पुसून टाकले आहे. प्रकल्प उद्या द्यायचा आहे. तुम्ही बटण दाबता, आणि लॅपटॉप सुरू होत नाही.

अशा वेळी घरात काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. एक जण बटण पुन्हा पुन्हा दाबतो. दुसरा पाठीवर थाप मारतो. तिसरा म्हणतो, "गेला आता!" शेजारचा एखादा हुशार मुलगा येतो आणि सांगतो, "सगळे पुसून नवे टाकू, दहा मिनिटांत चालू होईल." लॅपटॉप खरोखर चालूही होईल, पण कुंभारबाबांचा आवाज कायमचा जाईल. म्हणून पहिली गोष्ट नीट ध्यानात घ्या. यंत्र आणि यंत्रातील माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यंत्र बंद पडले, तरी माहिती बहुधा आत सुखरूप असते. पेटीची किल्ली अडकली म्हणून पेटीतला ऐवज नाहीसा होत नाही.

उर्दूत 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, ठीक. मराठीत 'दुरुस्त करणे' म्हणजे मोडलेली वस्तू पुन्हा ठीक करणे. शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. पण दुरुस्तीच्या आधी 'निदान' करावे लागते. निदान म्हणजे दुखणे नेमके कोणते, ते ओळखणे. (मराठीत 'निदान' या शब्दाचा 'कमीत कमी' असाही अर्थ होतो. "निदान एकदा तरी चार्जर तपासा," या वाक्यात तोच अर्थ आहे.) "लॅपटॉप बंद पडला" हे निदान नव्हे. "पोटात दुखते" एवढ्यावर डॉक्टर औषध देत नाहीत. कुठे दुखते, कधीपासून, काय खाल्ले होते, असे विचारतात. आपणही विचारावे. काल तो नीट बंद केला होता का? लाइट गेली होती का? कोणी काही नवीन टाकले का? चहा सांडला का? घरातील लहान भाऊ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सहसा लगेच देत नाही, म्हणून तो प्रेमाने विचारावा.

आता बटण दाबल्यावर आत काय घडते, ते पाहू. संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणतात. इंग्रजीत आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलण्याचा एक वाक्प्रचार आहे. त्यावरून हा शब्द आला. अडचण अशी की, संगणकाला काम करायला प्रणाली लागते. ती प्रणाली डिस्कवर असते. पण डिस्क वाचायलाही आधी काही तरी सूचना हव्यातच! म्हणून एका चिपमध्ये एक छोटा कायमचा कार्यक्रम लिहून ठेवलेला असतो. वीज मिळताच तो जागा होतो. प्रोसेसर, स्मृती म्हणजे रॅम, पडदा, कळफलक यांची तो झटपट तपासणी करतो. त्यानंतर तो डिस्क शोधतो आणि विंडोज किंवा लिनक्स यांसारखी प्रणाली तिच्या स्वाधीन कारभार करतो. म्हणजे यंत्र रोज सकाळी स्वतःलाच थापटणे मारून पाहते. कुठे तडा असेल, तर काही लॅपटॉप 'बीप बीप' असा आवाज करतात आणि काहींचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. किती बीप म्हणजे कोणता बिघाड, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. म्हणून आवाज मोजा आणि वहीत लिहा.

गाडी कोणत्या स्टेशनवर थांबली, ते कळले की निम्मे काम झाले. तपास बाहेरून आत करावा, आणि स्वस्तातून महागाकडे.

दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, असे असेल तर प्रथम वीज पाहा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइल चार्ज होतो का? एक्स्टेंशन बोर्डाचे बटण चालू आहे का? चार्जरची दोन टोके नीट बसली आहेत का? लॅपटॉपच्या छिद्रात धूळ किंवा कापसाचा धागा अडकला आहे का? मराठवाड्यात उन्हाळ्यात धुळीची कमतरता नसते. गावात संध्याकाळी दाब कमी होतो, म्हणून लॅपटॉप सुरू होत नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. चार्जरवरील बारीक अक्षरे वाचा. तेथे बहुधा '१०० ते २४०' व्होल्ट असे लिहिलेले असते. म्हणजे थोडासा कमी दाब तो सहन करतो. खरी भीती असते ती डीपीमध्ये बिघाड होऊन किंवा वीज कडाडून दाब एकदम वाढण्याची. तसे काही घडले असेल तर चार्जरच जळालेला असू शकतो. मित्राचा त्याच जातीचा आणि तेवढ्याच व्होल्टचा चार्जर लावून पाहावा. टोक बसते म्हणून कोणताही चार्जर खुपसू नये.

चार्जर चांगला असूनही लॅपटॉप गप्प असेल, तर एक सोपा उपाय आहे. चार्जर काढा. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढा. मग सुरू करण्याचे बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरा. नंतर फक्त चार्जर लावून बटण दाबा. हा जादूटोणा नव्हे. लॅपटॉपमध्ये विजेचा कारभार पाहणारी एक लहान चिप असते. ती कधी कधी अडकून बसते. उरलीसुरली वीज निघून गेली की ती पुन्हा पहिल्यापासून काम सुरू करते. मात्र बॅटरी फुगलेली दिसली, खालचे झाकण किंवा बोटे फिरवण्याची पट्टी वर उचललेली दिसली, तर हा उपायही करू नका. चार्जर काढून ठेवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि मोठ्यांना सांगा. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. चहा सांडला असेल तरीही बटण दाबू नये. ओल्या यंत्रात वीज सोडणे हेच त्याच्या नाशाचे कारण ठरते.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल, तर अंधारात टॉर्चचा उजेड पडद्यावर तिरपा टाका. आत पुसट चित्र दिसले, तर लॅपटॉप सुरू झालेलाच आहे. फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. शाळेतील प्रोजेक्टर किंवा टीव्ही केबलने जोडला तर चित्र तेथे दिसेल आणि तुमचा प्रकल्पही हाती येईल. चित्र कुठेच नसेल आणि बीप ऐकू येत असतील, तर पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे.

कंपनीचे चिन्ह येते आणि मग "डिस्क सापडत नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, तेव्हा आधी पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे का, ते पाहा. यंत्र कधी कधी त्यातच प्रणाली शोधत बसते. जुन्या फिरत्या डिस्कमधून 'कट् कट्' असा आवाज येत असेल, तर मात्र तेथेच थांबा. हे आपले बद्द वाजणारे मडके! जितक्या वेळा ती सुरू कराल, तितकी आतली माहिती खरवडली जाण्याचा धोका वाढतो.

शेवटचे स्टेशन प्रणालीचे. विंडोज सुरू होता होता पुन्हा बंद होते, किंवा निळा पडदा येतो. तसे लागोपाठ झाले की ती स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'सेफ मोड' हे मार्ग आधी वापरावे. सेफ मोडमध्ये प्रणाली अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन सुरू होते. 'रीसेट' हा शब्द दिसला की हात आवरा. तेथे 'माझ्या फाइली ठेवा' आणि 'सर्व काढून टाका' असे दोन पर्याय एकमेकांशेजारी उभे असतात. घाईत वाचणाऱ्याला ते सारखेच दिसतात. कधी कधी यंत्र ४८ आकड्यांची किल्ली मागते. माहिती कुलूपबंद असल्याची ती खूण आहे. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते.

हे संकट एकट्या तुमच्यावर येते असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने संगणकांच्या सुरक्षेसाठी एक सुधारणा पाठवली. तिच्यात चूक होती. जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवू लागले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक सदोष फाइल काढून टाकणे! पण तेवढ्यासाठी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले. ज्यांनी घाबरून सगळे पुसले नाही, त्यांची माहिती जशीच्या तशी राहिली.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते लिहा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने वहीत लावला आणि खाली नोंद केली. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत त्याही आधीची होती. या वेळी खराच किडा निघाला, हीच गंमत. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

तरीही लॅपटॉप उठला नाही, तर? दुरुस्तीच्या दुकानात देताना पहिले वाक्य हे बोला : "दुरुस्ती नंतर करा, आधी आतली माहिती काढायची आहे." जाणकार माणूस पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून फाइली उतरवून घेऊ शकतो, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडू शकतो. काही लॅपटॉपमध्ये डिस्क मुख्य पट्टीलाच जोडलेली असते. तेथे पहिलाच मार्ग उरतो. पावतीवर ते वाक्य लिहूनही घ्या.

आणि लॅपटॉप अचानक सुरू झालाच, तर आनंदाने लगेच बंद करू नका. तो पुन्हा उठेल याची खात्री नाही. प्रकल्पाचे चित्र, मजकूर सगळे नंतर. प्रथम कुंभारबाबांचा आवाज पेन ड्राइव्हवर घ्या, आणि एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवा.

स्वाध्याय

१. 'यंत्र आणि यंत्रातील माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत', हे लेखकाने कोणत्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे?
२. पडदा काळा असताना टॉर्चचा उपयोग कशासाठी करतात?
३. 'निदान' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्ये लिहा.
४. उर्दूतून मराठीत आलेले, तुम्हांला माहीत असलेले पाच शब्द लिहा. त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ सारखे आहेत का, ते वर्गात सांगा.
५. तुमच्या घरातील एखादे यंत्र बंद पडले होते. काय झाले, काय तपासले, काय आढळले, ते आठ-दहा ओळींत लिहा.