भूकंपांचा थवा : जमिनीखालचे द्रव आणि खचदरी



आधी मोठा धक्का, मग लहान धक्के, असं आपण मुलांना शिकवतो. पण काही ठिकाणी असा एक मुख्य धक्काच नसतो. आठवडेच्या आठवडे लहान-लहान धक्के बसत राहतात. यालाच भूकंपांचा थवा म्हणतात.

हे कुठे घडते?

भूकवच ताणले जाऊन मधला भाग खाली बसतो, ती खचदरी. चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिमेला, जर्मनीच्या सीमेलगत एगर खचदरी आहे. कार्लोव्ही व्हारीचे प्रसिद्ध गरम झरे इथलेच. जवळच्या सोओस दलदलीत चिखलातून बुडबुडे येतात. तो थेट प्रावरणातून वर आलेला कार्बन डायऑक्साइड असतो. याच परिसरात १९८५-८६ च्या थव्यात ४.६ तीव्रतेचा धक्का बसला. ऑक्टोबर २००८ मध्ये नोव्ही कोस्टेल गावाजवळ काही आठवड्यांत हजारो धक्के नोंदले गेले.

द्रव काय करतो?

गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा ठेवा. तो आपोआप सरकतो ना? आतली हवा तापून फुगते, पेल्याला किंचित उचलून धरते आणि घर्षण कमी होते. खडकांच्या भेगेतही तसेच होते. दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. भेगेत शिरलेल्या द्रवाचा दाब वाढला की ती पकड सैल होते आणि आधीच साठलेला ताण खडकाला सरकवतो. म्हणजे ताकद ताणाची, द्रव फक्त कडी काढतो!

खडक थोडासा सरकला की द्रवाला पुढची वाट मिळते, तिथे पुन्हा धक्का. म्हणूनच अनेक थव्यांमध्ये धक्क्यांची केंद्रे भेगेच्या कडेने हळूहळू पुढे सरकताना दिसतात.

मुलांना काय सांगावे?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागानेही असा थवा अनुभवला. ती खचदरी नव्हे, पण तिथेही पावसाच्या मुरलेल्या पाण्याचा वाटा अभ्यासकांनी तपासला. अशा वेळी "ज्वालामुखी फुटणार" अशा अफवा पसरतात. मुलांना खोटा धीर देऊ नका आणि घाबरवूही नका. लहान धक्क्यांनी मोठा धक्का टळतो असे नाही आणि तो येणारच असेही नाही. तडे गेलेल्या भिंतीपासून लांब झोपणे, टेबलाखाली आसरा घेणे, बाहेर पडायची वाट ठरवणे, ही तयारी मात्र आपल्या हातात आहे.

वर्गात पेल्याचा प्रयोग करा आणि विचारा : पेला थंड असता तर?