शेततळ्याचे पाणी आणि वैशाखाचे ऊन

सोलापूर, बीड, जालना यांसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शेततळ्यांचा प्रसार झपाट्याने झाला. पण दिवाळीला काठोकाठ भरलेले तळे, बागेने फारसे पाणी घेतले नसतानाही, ऐन उन्हाळ्यात तळ गाठते, असा अनुभव अनेक शेतकऱ्यांच्या पदरी आला. ही घट दोन वाटांनी होते : पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होते, ते बाष्पीभवन, आणि तळातून वा बांधातून पाणी जमिनीत उतरते, तो पाझर. दोन्हींवरचे उपाय वेगळे व खर्चिक असल्यामुळे, कोणत्या वाटेने किती पाणी जाते हे आधी ठरवणे अगत्याचे आहे.

त्यासाठी लागते ते फक्त एक पसरट तोंडाचे भांडे. काठालगतच्या उथळ पाण्यात ते दगडांवर असे बसवावे की त्याची कड पाण्याच्या वर चार बोटे राहील. त्यात बाहेरच्या पातळीइतकेच पाणी भरावे आणि उपसा बंद ठेवून चार-पाच कोरड्या दिवसांनी आतली व बाहेरची घट पट्टीने मोजावी. आतली घट केवळ बाष्पीभवनाची असते, बाहेरची दोन्हींची, आणि जो फरक उरतो तो पाझर. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या तळ्यात असा फरक आढळला, तर पाणी प्यायला उतरून घसरलेल्या जनावरांच्या खुरांनी पडलेली भोके आणि अस्तराचे सांधे प्रथम तपासावेत. अस्तर नसलेल्या मुरमाड तळ्यात मात्र चिकणमातीचा थर पाणी मारून दाबून घेतल्याशिवाय पाझर आटोक्यात येत नाही.

बाष्पीभवन पाण्याच्या साठ्यावर नव्हे, तर उन्हावाऱ्याला उघड्या असलेल्या पृष्ठभागावर अवलंबून असते, ही गोष्ट तळ्याची जागा आणि आकार ठरवतानाच विसरली जाते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराच्या बाजू असलेल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर घट धरली, तर भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे ७,२०० लिटर पाणी पिकाच्या मुळाला न लागताच उडून जाते. अशी दोन तळी निम्म्या खोलीपर्यंत भरलेली असतील, तर दोन्हींचा मिळून पृष्ठभाग सुमारे १,४५८ चौरस मीटर होतो. तेच सगळे पाणी पंपाने एका तळ्यात घेतले, तर तो सुमारे ८७० चौरस मीटरवर येतो, म्हणजे बाष्पीभवन जवळजवळ दोन-पंचमांशाने घटते. शेजारी तळी असलेल्या भावाभावांनी माघ सरताच हा हिशेब मांडावा, कारण इतक्या अल्प खर्चात इतके पाणी वाचवणारा दुसरा उपाय क्वचितच सापडेल.

सेटिल अल्कोहोलसारख्या मेणचट पदार्थाचा, एकाच रेणूइतक्या जाडीचा थर पाण्यावर पसरून वाफ रोखता येते. परंतु वारा तो थर एका काठाला ढकलून फाडतो, त्यामुळे उघड्या माळावर त्याचा भरवसा धरू नये. शेडनेटचे छप्पर परिणामकारक असते, मात्र ते लहान तळ्यालाच परवडते आणि तारांचा ताण सैल पडला की वळवाच्या वाऱ्यात टिकत नाही. वाऱ्याच्या बाजूने झाडांची ओळ लावावी, पण बांधावर कदापि नाही, कारण मुळे बांध व अस्तर दोन्ही फोडतात.

सर्वांत गंभीर नुकसान मात्र तळ्याच्या बांधणीत नसून त्याच्या वापरात आहे. पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी सुचवलेली तळी अनेक ठिकाणी विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात, आणि जे पाणी भूगर्भात उन्हापासून सुरक्षित होते, तेच वीज खर्चून वैशाखाच्या उन्हात आणून ठेवले जाते. अस्तरामुळे ते पुन्हा जमिनीत मुरत नाही, आणि त्याची झळ तळे नसलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीला लागते, याकडे सामूहिक अन्याय म्हणूनच पाहिले पाहिजे. भारनियमनामुळे साठवण अटळच असेल, तर ठिबकच्या दोन-तीन पाळ्यांना पुरेल एवढेच पाणी उपसून घ्यावे, आणि अस्तराचा खर्च करण्याआधी ओढ्याचे पाणी गाळ बसवणाऱ्या खड्ड्यातून तळ्यात येईल अशी चारी काढावी.