माकडं हसत नसतात : सहलीचा निबंध आणि माझी एक चूक



दोन वर्षांपूर्वी मी चौथीच्या मुलांसाठी 'आमची डोंगरातली सहल' हा नमुना निबंध लिहिला होता. तुमच्यापैकी काहींनी तो फळ्यावर उतरवून दिला असेल, काही पालकांनी पाठही करून घेतला असेल. त्यात दोन वाक्यं अशी आहेत : "वाटेत आम्हाला माकडे भेटली. आम्ही त्यांना खाऊ दिला, तेव्हा ती दात दाखवून आनंदाने हसू लागली." ही वाक्यं मी घरी बसून, काहीही न बघता लिहिली होती. तुमच्याकडे तो निबंध असेल तर आधी ती दोन वाक्यं खोडा, मग पुढचं वाचा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही डी.एड.च्या चार मैत्रिणी खूप वर्षांनी एकत्र फिरायला निघालो. चौघीही प्राथमिक शिक्षिका, चौघींच्या शाळा चार तालुक्यांत. एकीची तिसरीतली मुलगी सोबत होती. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूरला एक मुक्काम, मग गारगोटी-आजऱ्यावरून आंबोली असा बेत होता. शिक्षकांची सहल म्हणजे काय होतं तुम्हाला माहीतच आहे. गाडीत बसल्यापासून अध्ययन निष्पत्ती आणि ऑनलाइन माहिती भरणं, दुसरा विषयच नाही. शेवटी छोटी म्हणाली, "तुम्ही सगळ्या शाळेबद्दलच का बोलता?" तेव्हा कुठे आम्ही खिडकीबाहेर बघितलं.

राधानगरी हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. १९५८ साली ते गव्यांसाठी राखलं गेलं. त्याआधी दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं. ज्या रानात शिकार व्हायची तेच पुढे प्राण्यांसाठी राखलं गेलं, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीत राधानगरीही आहे. आणखी एक. तिकडे बऱ्याच ठिकाणी 'बायसन' हा शब्द दिसतो, आपली मुलंही गव्याच्या चित्राखाली तेच लिहितात. बायसन हा उत्तर अमेरिकेतला आणि युरोपातला वेगळा प्राणी आहे. आपला तो गवा, गाई-बैलांच्या कुळातला, आणि त्याला आपलं चांगलं मराठी नाव आहे.

सकाळी जीपमधून आत गेलो. पहिला तासभर काहीच दिसलं नाही. छोटी कंटाळली. वाटाड्या मामांनी जीप थांबवून तिला मातीतला खूर दाखवला. बैलाच्या खुरासारखाच, पण केवढा मोठा! पुढे ताजं शेण, मग अंग घासून साल निघालेलं झाड. मामा म्हणाले, "प्राणी दिसला न्हाई तरी तो काय काय करून गेलाय ते दिसतंच की." वन्यप्राण्यांवर निबंध लिहायला सांगितला की आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाघ 'दिसतो'. खूर मात्र कुणालाच दिसत नाही. खेड्यातल्या मुलाला गाईचा खूर, शेळीचा खूर, कुत्र्याचा पंजा पक्का माहीत असतो. त्याला तेच लिहू दिलं तर तो आपल्यापेक्षा चांगलं लिहील.

आणि मग वळणावर गवे होते. सात मोजले, झाडीत आणखी असतील. काळाभोर देह, खांद्यावर उंचवटा, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एक मोठा नर आमच्याकडे आडवा उभा राहिला. मला वाटलं, फोटोसाठी छान उभा आहे! मामा हळूच म्हणाले, "ताई, हितं उतरायचं न्हाई. तो आपलं अंग दाखवतोय, किती मोठा हाय ते बघा म्हणतोय." नंतर नाकातून जोराचा फुसकारा आला. मामांनी जीप सावकाश मागे घेतली, हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. दोन-तीन मिनिटांत कळप झाडीत गेला.

मोठ्या नर गव्याचं वजन हजार किलोपर्यंत जाऊ शकतं. हा आकडा नुसता सांगून मुलांना काही कळत नाही. सुट्टीनंतर मी रेशन दुकानातला वजनकाटा मागून आणला आणि वर्गातल्या ३१ मुलांची वजनं घेऊन बेरीज करायला लावली. ७६८ किलो भरलं. म्हणजे अख्खा वर्ग एका पारड्यात बसवला तरी गवा खालीच राहील. बेरीज, वजन आणि परिसर अभ्यास एकाच तासात झाला, आणि "मॅडम, तुम्हाला पण बसवा की काट्यावर" हेही झालं. (बसले. तरीही गवाच जड.)

आंबोलीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पावसाळ्यात आंबोली बेडकांची असते. इथल्या कातळावरचा छोटा आंबोली टोड २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळी जात म्हणून नोंदवला. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ सापडलेल्या एका मासोळीची नोंद २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. नोव्हेंबरात आम्हाला बेडूक काही भेटले नाहीत. भेटली ती घाटातली माकडं.

धबधब्याजवळ गाड्या लागल्या होत्या, चहा-कणसाच्या टपऱ्या होत्या, आणि कठड्यावर ओळीने लाल तोंडाची माकडं. लोक काचेतून वेफर्स टाकत होते. छोटीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. आम्ही चौघी चहाची ऑर्डर देत होतो. तेवढ्यात तिची हाक आली, "मावशी, बघ, हसतंय!"

मी वळून बघितलं तर माकडाने दात काढले होते आणि ही पुडा पुढे करून त्याच्या डोळ्यांत बघत उभी. माकडाने झडप घातली. तिने पुडा सोडला नाही. मनगटाच्या वर चावा बसला, रक्त आलं.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवतही नाहीत. टपरीवाल्या मावशी हळद घेऊन धावल्या, कुणी म्हणालं मिरचीपूड भरा. त्या बाईंचं मन चांगलंच होतं. पण आमच्यातल्या एकीने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मनापासून घेतलेलं होतं. ती म्हणाली, "काही लावायचं नाही. साबण आणि पाणी." टपरीच्या पिंपातलं पाणी तांब्याने धार धरून, अंगाचा साबण लावून, घड्याळ बघून पंधरा मिनिटं जखम धुतली. मुलगी किंचाळत होती, तिची आई रडत होती, पण ती धूतच राहिली. मग घाट उतरून सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली ती हीच, धुतलं का, किती वेळ? मग जखमेच्या भोवती सिरमचं इंजेक्शन आणि रेबीजच्या लसीचा पहिला डोस.

पालकांनो, रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असं नाही. माकड, मांजर, कोल्हा, मुंगूस, कुणीही चावलं तरी जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही लावायचं नाही. एकदा लक्षणं दिसू लागली की या रोगातून माणूस जवळजवळ वाचत नाही, म्हणून थांबून बघू असं म्हणायचंच नाही. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. पहिला दिवस शून्य धरायचा. मूल बरं दिसतंय म्हणून शेवटचा डोस चुकवणारे पालक मी आमच्या गावातही बघितलेत.

दवाखान्यातून निघाल्यावर गाडीत सगळ्या गप्प होत्या. छोटी हाताच्या पट्टीकडे बघत म्हणाली, "पण मावशी, तुझ्या निबंधात तर माकडं हसतात ना?" तिने तो निबंध पाठ केला होता. शाळेत पहिली आली होती त्यावर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही.

माकड हसत नाही हो. दात दाखवणं म्हणजे कधी धमकी, कधी भीती. डोळ्यांत रोखून बघणं हे त्याच्या भाषेत भांडणाचं आमंत्रण. आणि ते माकड मुळात रस्त्यावर का बसलं होतं? आपण बसवलं. पुडा, पिशवी म्हणजे खाणं हे त्याला माणसांनीच शिकवलं. ते झाडावरची फळं, किडे, कोवळा पाला सोडून दिवसभर गाड्यांची वाट बघतं, चाकाखाली येतं, आणि न देणाऱ्याच्या हातातून ओढून घेतं. आपल्या पाठांत, निबंधांत, वर्गातल्या चित्रांत माकडाला केळं देणारा मुलगा 'दयाळू' असतो. मीही त्याला तसाच केला होता.

वर्गात मी आता हे करते. माकड आणि वानर यांची चित्रं शेजारी लावते. लाल तोंडाचं माकड, गालात पिशव्या असतात त्यात खाणं भरून ठेवतं. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर, त्याचं पोट पाला पचवण्यासाठी बनलेलं. मग दोन मुलं पुढे येतात, एक माकड, एक प्रवासी. प्रवाशाने खाऊ दप्तरात ठेवायचा, नजर खाली, पाठ न वळवता हळूहळू मागे. पळालं की माकड मागे लागणार. माकडाने ओढलंच तर वस्तू सोडून द्यायची. हे वाक्य सगळ्यांकडून म्हणून घेते. छोटीने पुडा सोडला असता तर बहुतेक नुसती खरचटण्यावर निभावलं असतं. सहलीच्या आदल्या दिवशी हा खेळ जरूर घ्या, पंधरा मिनिटं पुरतात. सोबत एक साबणाची वडी आणि पाण्याचा कॅन बसमध्ये ठेवा.

परवा छोटीचा शेवटचा डोस झाला. संध्याकाळी तिने फोन केला. "मावशी, ती दोन वाक्यं मी खोडली. पण आता तिथे जागा रिकामी राहिली. काय लिहू?"

मी म्हटलं, तूच सांग. तिने वही घेतली आणि थोड्या वेळाने वाचून दाखवलं : "वाटेत माकडे दिसली. आम्ही गाडीच्या काचा वर केल्या. एक पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून बसले होते. आई आमच्याकडे बघत होती. आम्ही तिच्याकडे जास्त बघितले नाही."