अनोळखी मुठीसाठी विणताना

अगं, तोरणं झाली, टेबलावरचे रुमाल झाले, मैत्रिणीचं रुखवतही सजवून झालं. आता तुला छोटी खेळणी विणून अनोळखी माणसांना द्यायची आहेत. फार चांगलं आलंय तुझ्या मनात. थोरल्या बहिणीच्या नात्याने एवढंच सांगते, विणण्याची हौस तुझी असली तरी खेळणं त्याचं, ज्याच्या हातात ते पडणार आहे. म्हणून सुई उचलण्याआधी तो हात डोळ्यांसमोर आण.

याचं एक उदाहरण सांगते. कॅनडाचा मार्क इस्फेल्ड शांतिसेनेत क्रोएशियात होता. त्याची आई कॅरोल त्याला चिमुकल्या बाहुल्या विणून पाठवायची आणि तो त्या युद्धाने होरपळलेल्या मुलांना वाटायचा. बाहुली सैनिकाच्या खिशात मावेल एवढीच. 1994 मध्ये सुरुंगाच्या स्फोटात मार्क गेला. कॅरोलने विणणं थांबवलं नाही. त्याच्या सोबत्यांनी त्या बाहुल्यांना त्याच्याच टोपणनावावरून ‘इझी डॉल’ म्हटलं आणि पुढे देशभरच्या बायका त्या विणू लागल्या. मोठी, देखणी बाहुली तिला जमली नसती असं नाही गं. पण कुणाच्या खिशातून कुणाच्या हातात जायचं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. 2013 पासून तिथले स्वयंसेवक अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणतात. नाकातली नळी ओढण्याऐवजी बाळ ते मऊ पाय मुठीत धरतं, असं आया आणि नर्स सांगतात. त्याने बाळाची तब्येत सुधारते हे मात्र ठामपणे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा देताना तसं कुणाला सांगू नकोस. त्या स्वयंसेवकांचे नियम बघ किती काटेकोर आहेत! सूत शंभर टक्के कॉटन, 60 अंशांच्या गरम पाण्यात धुता येणारं. पाय ताणला तरी 22 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे बाळाभोवती गुंडाळला जाणार नाही.

तो पाय विणायला सोपा आहे. लांब साखळी घालायची आणि परत येताना एकेका साखळीत दोन-तीन मुके खांब. पट्टी आपोआप पीळ घेत चकलीसारखी वळत जाते. डोकं विणताना मात्र हात आवळून ठेव. दोऱ्याच्या वेष्टनावर लिहिलेली असते त्याहून बारीक सुई घे. विणून झालं की तुकडा उजेडासमोर धरून बोटांनी ताण. टाक्यांतून आत भरायचा फायबर डोकावेल एवढी फट दिसली तर उसव आणि पुन्हा विण. डोळे दोऱ्यानेच भर. मणी नको, बटण नको, चिकटवलेलं काहीही नको, कारण लहान मूल आधी ते तोंडात घालतं. आणि घरी झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या पाळण्यात कोणतंही मऊ खेळणं ठेवायचं नाही, हे बाळाच्या आईलाही आवर्जून सांग.

हॉस्पिटलसाठी विणणार असशील तर आधी तिथल्या सिस्टरना विचार. बऱ्याच अतिदक्षता विभागांत बाहेरची वस्तू आत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला साधा संसर्गही झेपत नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडलेली लोकर अशा मुलासाठी वापरू नकोस. नवं सूत आण, धुऊन कडकडीत उन्हात वाळव आणि स्वच्छ पिशवीत बंद करून दे. त्याला अत्तराचा किंवा उदबत्तीचा वास नको. घरात मांजर असेल तर विणकाम झाकून ठेव.

इंग्लंडात काही जणी अशी खेळणी चिठ्ठी लावून बाकावर ठेवून जातात. ज्याला सापडेल त्याचं. आपल्याकडे ते करू नकोस. स्टेशनवर बेवारस वस्तूला हात लावू नका अशी घोषणा होत असते, तिथे तुझं खेळणं बघून लोक घाबरतील. म्हणून हातात दे, आणि मूल असेल तर आधी त्याच्या आईला विचार. ती नको म्हणाली तर हसून बाजूला हो. फोटो काढू नकोस. दवाखान्याच्या रांगेत बसलेलं मूल तुझ्या फोटोसाठी आलेलं नसतं.

मोठ्या माणसांनाही दे. वृद्धाश्रमातल्या आजींच्या बोटांना काहीतरी चाळा हवा असतो. त्यांच्यासाठी मुठीत धरता येईल असा जाडसर ससा विण, कान लांब ठेव. अंध मुलांच्या शाळेसाठी विणशील तेव्हा रंगांपेक्षा टाक्यांत वैविध्य आण. बोटांना कुठे उंचवटा लागावा, कुठे सपाट.

एकदा दिलंस की ते तुझं नाही. कुणी ते हरवेल, कुणी दुसऱ्याला देईल, कुणी कदाचित विसरूनही जाईल. तुझं नाव त्यावर नसलं तरी चालेल. पण प्रत्येक टाका घट्ट असायला हवा. आजच जवळच्या एखाद्या संस्थेत फोन कर, त्यांना काय हवंय ते विचार आणि मगच पहिली साखळी घाल.