वस्तूचे जतन आणि पुनर्घडण : संगणकाच्या निरनिराळ्या भाषांतील व्यवस्था

हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावर धारवाड जिल्ह्यातील कलघटगी हे तालुक्याचे गाव लागते. येथील रंगीत लाकडी पाळणे प्रसिद्ध आहेत. समजा, असा एक पाळणा सुटा करून दूरच्या गावी न्यावयाचा आहे. खूर, दांड्या, फळ्या व खुंट्या वेगळ्या करून गाठोड्यात बांधणे फारसे अवघड नाही. परंतु तेथे पाळणा जोडणारा सुतार दुसराच असेल, तर केवळ लाकडे पाठवून भागत नाही. कोणता भाग कोठे बसतो, किती भाग आहेत आणि जोडणीचा क्रम कोणता, हे सांगणारी यादी सोबत द्यावी लागते. यादी चुकली, तर सर्व लाकडे शाबूत असूनही पाळणा उभा राहत नाही.

संगणकात साठविलेल्या माहितीच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उद्भवतो. शेतजमिनीचे उतारे, शाळेतील दाखले, शिधापत्रिका व निवृत्तिवेतन यांच्या नोंदी आज संगणकात ठेवण्यात येतात. त्या एका आज्ञावलीतून दुसरीत जाताना जशाच्या तशा पोहोचल्या पाहिजेत. हे कार्य कसे घडते, याची ओळख प्रस्तुत लेखात करून देण्याचा हेतू आहे.

१. वस्तू म्हणजे काय?

आधुनिक आज्ञावलीत परस्परसंबंधित माहिती एकत्र ठेवून तिच्या समूहास वस्तू असे म्हणतात. उदाहरणार्थ, ‘उतारा’ या वस्तूत गावाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचे नाव व पीक हे गुणधर्म असतात. वस्तूचा साचा म्हणजे वर्ग होय. छापील कोरा नमुना हा वर्ग, तर भरलेला प्रत्येक नमुना ही त्या वर्गाची एकेक वस्तू, असे समजण्यास हरकत नाही.

वस्तू संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. वीज गेली किंवा आज्ञावली बंद झाली, की ती नाहीशी होते. म्हणून तिचे गुणधर्म एका ओळीत, एकामागून एक मांडून फाईलमध्ये लिहावे लागतात. या क्रियेस सीरियलायझेशन म्हणतात. आपण तिला ‘जतन’ म्हणू. फाईल वाचून वस्तू पुन्हा उभी करण्याच्या उलट क्रियेस डिसीरियलायझेशन म्हणतात. ती ‘पुनर्घडण’ होय.

२. इंटरफेस : दोन पक्षांतील करार

जतन करणारी यंत्रणा एकच असते, परंतु तिच्यापुढे येणाऱ्या वस्तू नाना प्रकारच्या असतात. प्रत्येक वस्तूचे अंतरंग या यंत्रणेस ठाऊक असणे शक्य नाही. म्हणून बहुतेक भाषांत एक करार ठरविण्यात आला आहे. ‘मला लिहून ठेव’ असे सांगितल्यावर आपले कोणते गुणधर्म द्यावयाचे, आणि ‘पुन्हा उभी राहा’ असे सांगितल्यावर ते कसे स्वीकारावयाचे, हे वस्तूने स्वतःच सांगावे, असा तो करार आहे. अशा करारास इंटरफेस म्हणतात.

३. निरनिराळ्या भाषांतील रीती

जावा : या भाषेत ही सोय 1997 सालच्या 1.1 या आवृत्तीपासून आहे. तेथे सीरियलायझेबल नावाचा इंटरफेस असून त्यात एकही कार्यपद्धती लिहावी लागत नाही. ‘या वर्गाच्या वस्तू जतन करण्यास हरकत नाही’ असा तो केवळ शिक्का आहे. शिक्का असलेल्या वस्तूचे गुणधर्म यंत्रणा आपण होऊन लिहिते. जो गुणधर्म लिहावयाचा नाही, त्यापुढे ट्रान्झियंट हा शब्द लिहितात. पाळणा पाठविताना ज्या दोरीने तो घराच्या तुळईस टांगला होता, ती दोरी आपण पाठवीत नाही. नव्या घरी नवी दोरी बांधली जाते. त्याचप्रमाणे उघडी असलेली फाईल किंवा दुसऱ्या संगणकाशी जोडलेला दुवा जतन करावयाचा नसतो. ज्यांस सर्व नियंत्रण आपल्या हाती हवे, त्यांच्यासाठी एक्स्टर्नलायझेबल हा दुसरा इंटरफेस आहे. त्यात लिहिण्याची व वाचण्याची अशा दोन्ही कार्यपद्धती स्वतः लिहाव्या लागतात, आणि ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने वाचावे लागते.

पायथन : येथील यंत्रणेचे नाव पिकल, म्हणजे लोणचे, असे आहे. नाव गमतीचे असले तरी अर्थपूर्ण आहे. बहुतेक साध्या वस्तूंसाठी काहीच लिहावे लागत नाही. आवश्यकता भासल्यास गेटस्टेट व सेटस्टेट या दोन कार्यपद्धती वर्गात लिहितात. पहिली जतनाच्या वेळी आणि दुसरी पुनर्घडणीच्या वेळी बोलावली जाते.

पीएचपी : या भाषेतही पूर्वी सीरियलायझेबल नावाचाच इंटरफेस होता, परंतु जावाप्रमाणे तो रिकामा नसून त्यात दोन कार्यपद्धती लिहाव्या लागत. एकात एक गुंतलेल्या वस्तूंच्या बाबतीत तो अडचणीचा ठरला. 2019 सालच्या 7.4 या आवृत्तीत त्याऐवजी दोन नव्या कार्यपद्धती देण्यात आल्या, आणि 2021 सालच्या 8.1 या आवृत्तीपासून केवळ जुन्या इंटरफेसवर विसंबणे त्याज्य ठरविण्यात आले.

गो : येथे एखाद्या वर्गाने इंटरफेस स्वीकारल्याचे वेगळे जाहीर करावे लागत नाही, आवश्यक त्या कार्यपद्धती असल्या, की करार पाळला असे मानले जाते. मात्र या भाषेत मोठ्या अक्षराने सुरू होणारे गुणधर्मच बाहेर दिसतात. लहान अक्षराने सुरू होणारा गुणधर्म कोणतीही सूचना न देता वगळला जातो, याकडे नवशिक्याचे दुर्लक्ष होते.

येथे एक महत्त्वाची बाब ध्यानात ठेवावी. नवी वस्तू निर्माण होताना ‘क्षेत्र शून्यापेक्षा अधिक असावे’ यांसारख्या तपासण्या करण्यात येतात. जावातील सीरियलायझेबल आणि पायथनमधील पिकल या दोहोंत पुनर्घडणीच्या वेळी वर्गाची ही नेहमीची निर्मितीक्रिया सामान्यतः चालविली जात नाही. म्हणून त्या तपासण्या पुनर्घडणीच्या वेळी पुन्हा करण्याची व्यवस्था लेखकाने स्वतः ठेवली पाहिजे.

४. भाषेची सीमा ओलांडताना

वरील प्रत्येक पद्धतीची स्वतःची खूण आहे. जावाने बांधलेले गाठोडे पायथनला सहजासहजी सोडता येत नाही. त्यासाठी सर्वांना समजेल असा मजकुराचा नमुना वापरतात. 1998 सालची एक्सएमएल आणि त्यानंतर प्रचारात आलेली जेसन ही अशा नमुन्यांची उदाहरणे होत. आता जमिनीच्या उताऱ्याचे उदाहरण घेऊन या सीमेवर काय घडू शकते ते पाहू.

धारवाड जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यानंतर दोन्ही बाजूंचे नमुने वेगळे झाले. महाराष्ट्रात सात-बारा चालतो, तर कर्नाटकात पहाणी. कर्नाटक शासनाने ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे 67 लाख खातेदारांचे 2 कोटी उतारे संगणकात आणले. कर्नाटकातील उताऱ्यात क्षेत्र एकर-गुंठ्यांत, तर महाराष्ट्रात हेक्टर-आरमध्ये लिहिले जाते.

समजा, एका खातेदाराचे क्षेत्र 2 एकर 20 गुंठे असून कागदावर ते ‘2-20’ असे लिहिले आहे. जतन करणाऱ्याने ते 2.20 अशी दशांश संख्या म्हणून लिहिले. वाचणाऱ्या आज्ञावलीने त्याचा अर्थ 2.20 एकर असा केला. एका एकरात 40 गुंठे असतात, म्हणून.20 एकर म्हणजे केवळ 8 गुंठे. खातेदाराचे 12 गुंठे कागदावरून नाहीसे झाले, आणि कोणत्याही यंत्रणेने चूक दाखविली नाही! एकर व गुंठे हे दोन वेगळे गुणधर्म ठेवणे, किंवा सर्व क्षेत्र गुंठ्यांत, म्हणजे 100 गुंठे असे लिहून एककाचे नाव सोबत देणे, हाच यावर उपाय होय.

गट क्रमांकाचेही तसेच. ‘12/1’ हा हिस्सा आहे. परंतु तक्ता करणारी आज्ञावली त्यास कधी कधी 12 जानेवारी किंवा 1 डिसेंबर समजते. यास्तव गट क्रमांक ही संख्या न मानता मजकूर म्हणूनच जतन करावा.

तिसरा प्रश्न एकाच व्यक्तीचा. एका खातेदाराच्या नावे तीन गट असतील, तर स्मृतीत खातेदार ही वस्तू एकच असून तिन्ही उतारे तिच्याकडे बोट दाखवितात. एकाच वेळी जतन केल्यास जावा व पिकल हा संबंध टिकवितात. जेसनमध्ये मात्र तशी अंगभूत सोय नाही. नाव तीनदा लिहिले जाते आणि पुनर्घडणीनंतर तीन निराळे खातेदार तयार होतात. पुढे वारसाची नोंद एका ठिकाणी झाली, तरी उरलेल्या दोन ठिकाणी जुनेच नाव राहते. म्हणून प्रत्येक खातेदारास स्वतंत्र क्रमांक देऊन उताऱ्यात तो क्रमांक लिहावा.

चौथा प्रश्न लिपीचा. 1991 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या यूनिकोड या प्रमाणात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांस स्वतंत्र स्थाने आहेत. ‘कलघटगी’ या नावात यूनिकोडची 6 चिन्हे असून यूटीएफ-8 पद्धतीत ती 18 बाइट जागा घेतात. लिहिणाऱ्याने एक पद्धती आणि वाचणाऱ्याने दुसरी वापरली, तर गावाच्या नावाऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. लिपीची पद्धती कोणती, हेही करारातच ठरले पाहिजे.

५. नमुना बदलल्यास

कालांतराने नमुन्यात नवा रकाना वाढविण्यात येतो. जुन्या फाईलमध्ये तो रकाना नसतो. जावात वर्गाला एक आवृत्ती-क्रमांक असतो. तो न जुळल्यास यंत्रणा वस्तू उभी करण्याचे नाकारते. क्रमांक तोच ठेवल्यास न सापडलेल्या गुणधर्माच्या जागी शून्य किंवा रिकामी किंमत बसते. येथे विवेक हवा. ‘क्षेत्र शून्य आहे’ आणि ‘क्षेत्र नोंदलेले नाही’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पहिल्याचा अर्थ जमीन नाही असा होतो. दुसऱ्याचा अर्थ चौकशी करावयाची आहे असा होतो.

६. अनोळखी गाठोडे

काही यंत्रणांत फाईलमधील मजकूरच कोणत्या वर्गाची वस्तू उभी करावी हे ठरवितो. कपटी मनुष्याने तयार केलेली फाईल अशा वेळी भलतीच आज्ञा चालवू शकते. अविश्वसनीय ठिकाणाहून आलेली फाईल पिकलने उघडू नये, असा स्पष्ट इशारा पायथनच्या माहितीपत्रकातच दिला आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधील बायनरी फॉर्मॅटर ही जुनी व्यवस्था याच कारणास्तव 2024 सालच्या 9 व्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. बाहेरून येणाऱ्या माहितीसाठी साधा नमुना वापरावा आणि प्रत्येक गुणधर्म तपासूनच स्वीकारावा.

७. वर्गात घ्यावयाचा पाठ

हा पाठ संगणकाशिवायही घेता येतो. विद्यार्थ्यांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने शाळेतील एखाद्या वस्तूचे किंवा कोऱ्या उताऱ्यावर भरलेल्या काल्पनिक नोंदीचे वर्णन एकाच ओळीत लिहावे. दुसऱ्या गटाने ती ओळ न बदलता पोहोचवावी. तिसऱ्या गटाने मूळ वस्तू न पाहता केवळ ओळीवरून ती पुन्हा मांडावी. नंतर दोहोंची तुलना करून पुढील प्रश्नांची उत्तरे काढावीत :

(१) कोणता गुणधर्म लिहावयाचा राहिला?
(२) कोणत्या संख्येचे एकक सांगितले नव्हते?
(३) कोणती बाब लिहिण्याची आवश्यकताच नव्हती?
(४) ओळीतील क्रम बदलला असता तर काय घडले असते?

कार्यालयातील कर्मचाऱ्यांनीही माहिती एका आज्ञावलीतून दुसरीत नेल्यानंतर काही नोंदी निवडून मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. परत आलेली वस्तू मूळ वस्तूशी जुळली, तरच जतन झाले असे म्हणता येईल. खातेदारांनीही नवा उतारा हाती येताच नाव, गट क्रमांक व क्षेत्र ही तीन स्थाने जुन्या उताऱ्याशी लावून पाहावीत, आणि फरक आढळल्यास गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. पाळण्याची खुंटी चुकीच्या भोकात बसली आहे, हे त्यात मूल निजविण्यापूर्वीच पाहिलेले बरे.